फिफ्थ-व्हील की मोटरहोम? निवृत्तीनंतर अमेरिका फिरायला निघणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतलं चार बेडरूमचं घर, मुलं लांबलांबच्या राज्यांत, आणि निवृत्तीला सहा महिने उरलेले. अशा घरांत जेवणं झाली की एक विषय हमखास निघतो: आता अमेरिका नीट बघायची, रस्त्याने बघायची, आणि आपलं अंथरूण-पांघरूण, आपलं स्वयंपाकघर बरोबर घेऊन बघायची. आमच्याकडेही तो असाच निघाला. आम्ही आधी चार वर्षं फिफ्थ-व्हील ट्रेलर ओढला. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो विकून क्लास सी मोटरहोम घेतलं. दोन्हीचं सुख आणि दोन्हीचा त्रास आम्हाला ठाऊक आहे. ओळखीतून फोन येतात, "काय घेऊ?" म्हणून, आणि दर वेळी तासभर बोलणं होतं. ते सगळं इथे क्रमाने लिहून ठेवते.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. गाडी बघायला जायच्या आधी, एका मुक्कामी सरासरी किती रात्री राहणार ते ठरवा. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप ठरतं.

आधी दोन्हीची ओळख

फिफ्थ-व्हील म्हणजे पिकअप ट्रकने ओढायचं घर. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकतो. फिफ्थ-व्हीलचं नाक मात्र पिकअपच्या हौद्यात येतं आणि मागच्या आसाच्या वर बसवलेल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीच्या लोखंडी पकडीत, अडकतं. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून आडवी गोल चकती बसवत, ते पाचवं चाक. वजन आसावर येत असल्यामुळे हा ट्रेलर साध्या ट्रेलरपेक्षा कमी डोलतो, आणि हौद्यावर आलेल्या त्या उंच भागात झोपायची खोली असते.

मोटरहोम म्हणजे इंजिनासकट घर. क्लास ए बससारखं. क्लास बी म्हणजे स्प्रिंटर, ट्रान्झिट किंवा प्रोमास्टर व्हॅनमध्ये बसवलेलं छोटं घर. क्लास सी या दोहोंच्या मधलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. निवृत्त जोडप्याच्या मनात मोटरहोम असतं तेव्हा ते बहुधा ए किंवा सी असतं.

पायरी पहिली: रात्री मोजा

बारा महिन्यांचं कॅलेंडर घ्या आणि दोघांनी वेगवेगळं भरा. जानेवारीत कुठे, मेमध्ये कुठे, नातवंडांकडे किती दिवस, भारतात किती महिने. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. आमच्या कागदांत फार तफावत निघाली. ह्यांना दर तिसऱ्या दिवशी नवं गाव हवं होतं, मला ॲरिझोनात दोन महिने एका जागी बसून वाचायचं होतं. हे आधीच कळलं, ते फार बरं झालं.

एका जागी आठवडा किंवा त्याहून जास्त राहणार असाल, तर फिफ्थ-व्हील. दोन-तीन रात्रींत पुढे निघणार असाल, तर मोटरहोम.

फिफ्थ-व्हील जागेवर लावून, पिकअप सोडवून, पाणी-वीज जोडून चहा ठेवेपर्यंत आम्हाला पाऊण तास लागायचा. पावसात तास. मोटरहोममध्ये हेच पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि नुसती एक रात्र काढायची असेल तर खाली उतरावंही लागत नाही. पण एकदा फिफ्थ-व्हील लागलं की पिकअप मोकळा होतो. दूध, औषधं, देऊळ, डॉक्टर, सगळीकडे तो न्यायचा. मोटरहोमवाल्याला दूध संपलं की अख्खं घर आवरून निघावं लागतं. म्हणून बरेच जण मागे छोटी गाडी ओढतात.

त्या ओढायच्या गाडीबद्दल आधीच विचार करा. चारही चाकं जमिनीवर ठेवून प्रत्येक गाडी ओढता येत नाही, गिअरबॉक्स जळतो. आपल्या लोकांकडे होंडा सीआर-व्ही फार. तिची २०१४ पर्यंतची मॉडेलं अशी ओढता यायची. २०१५ पासून सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ते बंद झालं. जीप रँग्लर चालते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये या विषयावर स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय सेल्समनचं ऐकू नका. आणि अशी गाडी मागे असताना रिव्हर्स घेता येत नाही, चार-पाच फूट सरकतानाही पुढची चाकं वाकडी होतात. चुकीच्या पेट्रोलपंपात शिरलात तर उतरा, गाडी सोडवा, मोटरहोम मागे घ्या, परत जोडा.

मुक्कामाला पोचल्यावर छोटी गाडी लागतेच, याचं उदाहरण ग्लेशियर नॅशनल पार्कचं. गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या, सर्वांत देखण्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला प्रवेश नाही. क्लास ए किंवा सी मोटरहोम तिथे जातच नाही. पिकअपवाल्यांनीही खुशीत राहू नये. चार दारांची केबिन आणि आठ फुटी हौदा असलेला मोठा पिकअप २१ फुटांच्या बाहेरच जातो, आणि मागे जोडचाकं असलेला डुअली आरसे उघडे असताना ८ फुटांच्या बाहेर जातो. टेप घेऊन मोजा.

पायरी दुसरी: गुडघे, कंबर आणि दुसरं माणूस

ही पायरी लोक गाळतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

फिफ्थ-व्हीलमध्ये दारात तीन-चार पायऱ्या, आणि आत बेडरूमला चढायला आणखी दोन-तीन. बऱ्याच मॉडेलमध्ये बाथरूमही वरच. रात्री दोनदा उठावं लागत असेल तर त्या पायऱ्या मोजा. शोरूममध्ये दिवसा, बूट घालून चढू नका. अनवाणी, दिवा बंद करून चढून-उतरून बघा. गुडघ्यानंतर माझा निर्णय तिथेच झाला.

आता जोडणी. ती जवळून सांगते, कारण ती रोजची आहे. ट्रेलर पुढच्या दोन पायांवर उभा असतो. हौद्याचं मागचं फळकूट पाडायचं. पिकअप मागे घेत किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालचा तो जाड लोखंडी खुंटा, हिचच्या जबड्यासमोर आणायचा. उंची अशी हवी की ट्रेलरची पट्टी हिचच्या पाटाला टेकून किंचित वर उचलली जाईल. खुंटा आत गेला की जबडा खट्ट करून मिटतो, दांडा आत जातो, त्यात पिन घालायची. मग सात टोकांचा विजेचा प्लग, मग ट्रेलर सुटलाच तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल. आणि पाय उचलण्याआधी ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून पिकअप हळूच पुढे ओढून बघायचा. ट्रेलर हलला नाही आणि पिकअप अडला, म्हणजे पकड घट्ट आहे.

ही ओढून बघण्याची पायरी आम्ही एकदा चुकवली. व्हर्जिनियात, सकाळी सात वाजता, शेजारी बोलायला आले म्हणून. जबडा मिटल्यासारखा दिसत होता, मिटलेला नव्हता. पाय उचललेले होते. पिकअप दोन फूट पुढे गेला आणि ट्रेलरचं नाक हौद्याच्या दोन्ही काठांवर धाडकन आलं. काठ चेपले, कोणाला लागलं नाही. त्या दिवसानंतर जोडणी करताना कोणी बोलायला आलं तर मी हात वर करून थांबवायचे, आणि संपल्यावर माफी मागायचे. तुम्हीही असंच करा.

या कामात हौद्यात वाकणं आहे, दांडा खेचणं आहे, चाकांना ठोकळे लावायला गुडघ्यावर बसणं आहे. दोघांपैकी एकालाच ते जमत असेल तर एकाच्या आजारपणात घर रस्त्यावर अडकून पडतं. म्हणून माझा आग्रह असा की जी गाडी दोघांना चालवता येईल तीच घ्या. रविवारी सकाळी एखाद्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी दोन-दोन तास सराव करा. फिफ्थ-व्हीलची मागची चाकं वळणावर आतून कापतात, त्यामुळे चौकात जरा पुढे जाऊन उशिरा वळायचं. मोटरहोमची शेपटी बाहेर झोकली जाते, डावीकडे वळलात तर उजवीकडचा खांब धोक्यात. हे अंगवळणी पडायला आठवडा पुरतो. मी पासष्टाव्या वर्षी शिकले.

पायरी तिसरी: वजनाचा हिशेब, स्वतःच्या हाताने

"तुमचा पिकअप हा ट्रेलर आरामात ओढेल" असं आम्हाला विकणाऱ्याने सांगितलं होतं. ओढायला ओढलाच. प्रश्न ओढण्याचा नसतो, पाठीवर किती पेलतो याचा असतो. जाहिरातीत ओढण्याचा मोठा आकडा असतो, पण फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत पेलोड आधी संपतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं लेबल असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीचा वेगळा असू शकतो.

फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भाग पिकअपवर येतो. समजा ट्रेलरचं कमाल वजन १४,००० पौंड. त्याचे २२ टक्के म्हणजे ३,०८० पौंड. हिच १८०, तुम्ही दोघं ३१०, हत्यारं आणि बाकी सामान १५०. एकूण ३,७२० पौंड. आता लेबल बघा. तीन-चतुर्थांश टनी, म्हणजे २५०० किंवा एफ-२५० वर्गातल्या डिझेल पिकअपच्या लेबलवर पुष्कळदा तीन हजारांच्या आतलाच आकडा असतो. म्हणजे या ट्रेलरला ३५०० किंवा एफ-३५० वर्ग हवा. क्रम कायम असा ठेवा: आधी ट्रेलर निवडा, मग त्याला पेलणारा पिकअप. आमचा क्रम उलटा झाला आणि दुसऱ्या वर्षी पिकअप बदलावा लागला. हौदा आठ फुटी असलेला बरा. आखूड हौद्यात घट्ट वळणावर ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेला भिडू शकतं, त्यासाठी सरकणारं हिच लागतं.

मोटरहोमलाही हा हिशेब आहे. दाराजवळच्या लेबलवर माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते असतं, आणि काही क्लास सी गाड्यांत ते जेमतेम हजार पौंड निघतं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं. ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड गेले. उरलेल्यात तुम्ही दोघं, डाळ-तांदूळ, कुकर, पुस्तकं.

घेतल्यावर सगळं सामान भरून ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर जा. थोड्या डॉलरांत प्रत्येक आसावरचं वजन छापून मिळतं. तो कागद गाडीत ठेवा.

पायरी चौथी: कुठे बसेल, कुठून जाईल

नॅशनल पार्कमधले कॅम्पग्राउंड बरेच जुने, छोट्या गाड्यांच्या काळातले. चाळीस फुटी गाडीला तिथे जागा फार कमी. पार्कच्या आत झोपायचं स्वप्न असेल तर तीस फुटांच्या आत राहा, मग ट्रेलर असो की मोटरहोम. खासगी कॅम्पग्राउंडांत लांबीचा प्रश्न कमी. वय ६२ झालं असेल आणि तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल, तर ८० डॉलरचा आजन्म सीनियर पास घ्या. तो पार्कच्या प्रवेशाला चालतो आणि अनेक सरकारी कॅम्पग्राउंडांत निम्म्या दराने जागा मिळते. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांसाठीही तो घेता येतो, हे अनेकांना माहीत नसतं.

दोन्ही प्रकारच्या मोठ्या गाड्या १२-१३ फूट उंच असतात. साध्या फोनवरच्या नकाशाला तुमची उंची कळत नाही, उंची-लांबी भरता येणारं आरव्हीचं, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठीचं, जीपीएस घ्या. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर, म्हणजे फक्त मोटारींसाठीच्या रस्त्यांवर, तर या गाड्यांना बंदीच आहे आणि पूलही बुटके आहेत. न्यू जर्सीहून फ्लोरिडाला उतरणाऱ्यांनी बाल्टिमोर लक्षात ठेवावं. तिथल्या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेन टाकी नेता येत नाही, आणि आपल्या टाक्या २० किंवा ३० पौंडांच्या असतात. पूर्वी लोक तिथल्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जात. तो २६ मार्च २०२४ ला मालवाहू जहाज धडकून पडला. आता आय-६९५ च्या पश्चिम बाजूने वळसा घ्यायचा.

पायरी पाचवी: स्वयंपाक आणि वीज

आपला स्वयंपाक पाणी आणि वीज दोन्ही जास्त खातो. फिफ्थ-व्हीलचं स्वयंपाकघर इथे सरळ जिंकतं: उंच छत, स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीसकट बाहेर सरकणारा भाग, बाहेर गेल्यावर मिळणारी जागा, ओट्यावर पोळपाट मावतो. क्लास सीमध्ये मी पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटते. फोडणीचा वास गाद्यांना आणि पडद्यांना धरतो, म्हणून छतावरचा चांगला पंखा बघून घ्या आणि तळण बाहेर, अंगणातल्या शेगडीवर.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपच्या जोडणीवर ३,६०० वॉट मिळतात. एसी सुमारे १,५००, पाणी तापवण्याचा विजेचा हीटर १,४००, इन्स्टंट पॉट १,०००. बेरीज ३,९०० आणि अंधार. वरण लावायचं तर हीटर बंद. ५० अँपच्या जोडणीवर १२,००० वॉट असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. ती सोय मोठ्या फिफ्थ-व्हीलला आणि क्लास एला बहुधा असते, क्लास सीला क्वचित. वर्षभर राहायचं असेल तर हा मुद्दा लेआउटपेक्षाही आधी बघा.

पायरी सहावी: पैसे

निव्वळ घराच्या किमतीत फिफ्थ-व्हील स्वस्त, पण त्यात दणकट डिझेल पिकअप मिळवा. मोटरहोममध्ये ओढायची छोटी गाडी आणि तिचं सगळं जोडकाम मिळवा. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर घसरते, म्हणून तीन-चार वर्षं वापरलेली घ्या. पहिल्या मालकाने बारीकसारीक दोष काढूनही घेतलेले असतात.

खरा फरक बिघाडाच्या वेळी कळतो. मोटरहोमचं इंजिन गॅरेजमध्ये गेलं की घर गॅरेजमध्ये गेलं. ट्रान्समिशनच्या कामासाठी आम्ही नऊ दिवस मोटेलमध्ये काढले, देवही पिशवीत घालून नेले होते. पिकअप बिघडला असता तर घर जागेवर राहिलं असतं. या मुद्द्यावर फिफ्थ-व्हील उजवं, यात मला शंका नाही.

पायरी सातवी: कागदपत्रं

बहुतेक राज्यांत साधा परवाना चालतो, पण आपलं राज्य तपासा. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ-व्हीलला बिगर-व्यावसायिक क्लास ए परवाना लागतो आणि ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला क्लास बी. चालत्या फिफ्थ-व्हीलमध्ये माणसं बसवणं अनेक राज्यांत बेकायदा आहे. कुठे परवानगी असली तरी बसवू नका. पाय मोकळे करायला नातवंडं मागे जाऊन बसतील, ही कल्पना सोडा. मोटरहोममध्येही पट्टा बांधूनच.

घर विकून कायमचे निघणार असाल तर कायमचा पत्ता लागतो. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा इथे लोक तो घेतात, कारण तिथे राज्याचा उत्पन्नकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. पत्ता बदलण्याआधी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, बघा. मूळ मेडिकेअर देशभर, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपन्यांमार्फतच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांचं डॉक्टरांचं जाळं बहुधा तुमच्या भागापुरतं असतं. आणि कॅनडात मेडिकेअर साधारणपणे पैसे देत नाही, बँफला जाताना वेगळा विमा काढा.

पायरी आठवी: भाड्याने घ्या, मग तपासा, मग पैसे द्या

क्लास सी भाड्याने सहज मिळतं. किमान दहा दिवस घ्या, आणि त्यातले दोन दिवस पावसाचे निघाले तर नशीब समजा. फिफ्थ-व्हील भाड्याने मिळणं अवघड. पण काही मालक ते कॅम्पग्राउंडवर आणून, लावून देतात. ओढायचा अनुभव मिळत नाही, राहायचा मिळतो.

वापरलेली गाडी घेताना स्वतंत्र तपासनीस लावा. त्याआधी तुम्ही एवढं करा. आत शिरताच नाकाने वास घ्या, कुबट वास म्हणजे पाणी मुरलंय. छताचे कोपरे, खिडक्यांच्या खाली आणि स्लाइड-आउटच्या कडेला बोटाने दाबा, मऊ लागलं तर परत फिरा. बाहेरच्या भिंतीला तिरकं बघा, फुगवटा दिसतो का. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांवरचा टायर बदलायच्या खर्चात धरा.

आणि ताब्यात घेतल्यावर पहिल्या दोन रात्री विक्रेत्यापासून जवळच्याच कॅम्पग्राउंडवर काढा. लांब जाऊ नका. सगळे नळ सोडा, दोघांनी लागोपाठ अंघोळ करा, एसी आणि हीटर दोन्ही तासभर चालवा, स्लाइड-आउट तीनदा आतबाहेर करा, फ्रिज विजेवर आणि गॅसवर दोन्हीवर बघा, टाक्या भरून डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, एकदा रिकाम्या करा. आमच्या मोटरहोमच्या सिंकखालचा जोड दुसऱ्या रात्री गळायला लागला. सकाळी नऊला आम्ही परत विक्रेत्याच्या दारात होतो, आणि दुपारपर्यंत तो बदलून मिळाला.